कोशाचं पारायण

आमच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी वाचायची एकच रीत. सकाळी अंघोळ करून पाटावर बसायचं, समोर चौरंग मांडायचा, पोथीचं लाल खारव्याचं फडकं सोडायचं, तिला हळदकुंकू वाहायचं आणि काल जिथं मोरपीस ठेवलं असेल तिथून पुढं वाचायला लागायचं. मधलं पान उघडायचं नाही. आवडलेला अध्याय पुन्हा वाचायचा नाही आणि कंटाळवाणा गाळायचा नाही. पोथी मधूनच उघडली तर दोष लागतो, असं माझे वडील म्हणत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. कोळवणच्या खोऱ्यात आमची भाताची खाचरं होती, घरचं खाऊन थोडं विकता येईल एवढी. दादांची शाळा चौथीत सुटली होती, पण वाचनाची गोडी सुटली नव्हती. श्रावणात आळीतली माणसं आमच्या ओसरीवर त्यांची पोथी ऐकायला जमत. त्यांचा आवाज बारीक, जरा नाकातून येणारा. ओवी संपताना ते शेवटचं अक्षर लांबवत आणि त्याच्या लयीत उजवा गुडघा हलवत. आजही मी काही मोठ्यानं वाचू लागले की माझा उजवा गुडघा हलतो, आणि माझी सून हळूच माझ्या पायावर हात ठेवते.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे मी इंग्रजी शिकले ते याच रीतीनं.

घरात इंग्रजी पुस्तक आलं ते सोनाआत्यामुळे. ती दादांची थोरली बहीण. तिचे यजमान मुळशीच्या धरणावर एका साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकी होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं घरातलं किडूकमिडूक नोकरांत वाटून टाकलं. आत्याच्या यजमानांच्या वाट्याला कोळशाची इस्त्री, पुडिंग करायचं एक भांडं आणि एक जाडजूड पुस्तक आलं. पुढं ते धरणाच्या पाण्यात होडी उलटून गेले आणि आत्या या तीन वस्तू घेऊन माहेरी आली. इस्त्रीचा आमच्या घरात काही उपयोग नव्हता. भांड्यात ती सणासुदीला अंड्याचं पुडिंग करायची. चुलीवर पाणी ठेवून, त्यात भांडं बसवून, झाकणावर निखारे घालून. त्या गोड, थरथरणाऱ्या वस्तूला आई हात लावत नसे, आम्ही पोरं मात्र भांडं चाटून पुसून ठेवायचो. आणि पुस्तक आत्या दुधाच्या पातेल्यावर ठेवायची, मांजरानं झाकण ढकलू नये म्हणून.

तो कोश होता. डाव्या अंगाला इंग्रजी शब्द, पुढं मराठीत अर्थ. मराठी फार जुनं, 'करितात', 'जातें' अशा वळणाचं. साहेबानं तो मराठी शिकण्यासाठी घेतला असावा, पण आत्या सांगायची की त्याचं मराठी 'गरम पाणी लाव' आणि 'उद्या ये' याच्या पुढं कधी गेलं नाही. म्हणूनच पानं कोरीकरकरीत राहिली होती. फक्त पहिली काही पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे तो कुणी रचला आणि कुठं छापला हे मला आजतागायत ठाऊक नाही.

मी सातवीत गेले तेव्हा वर्गात मुलगी म्हणून एकटीच उरले होते. बाकीच्यांची लग्नं झाली होती किंवा ठरली होती. माझ्यासाठीही मुठा खोऱ्यातलं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, घरात दोन बैलजोड्या, मुलगा निर्व्यसनी. आईला ते मनापासून पसंत होतं आणि तिचं काही चुकत होतं असं मला आज वाटत नाही. पण आमचे गुरुजी एक दिवस दादांना भेटायला घरी आले आणि म्हणाले की पोरीला पुढं शिकवा. पुण्यात मुलींची एक शाळा आहे, तिचं वसतिगृह आहे, खेड्यातल्या हुशार मुलींना तिथं ठेवून घेतात. अडचण एकच होती. सरकारी नियमानं इंग्रजी आठवीपासून असलं तरी पुण्याच्या मुलींचं ते आधीच बरंच झालेलं असायचं. जिला काहीच येत नाही तिला तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घेत नसत. गुरुजींना स्वतःला इंग्रजी बेताचंच येत होतं. अक्षरं शिकवतो, शब्द जुळवायला शिकवतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं ते म्हणाले.

दादांनी बराच विचार केला आणि आईला व मुठ्याच्या पाहुण्यांना एकच शब्द दिला. मिरगाच्या आधी पुण्याच्या शाळेनं घेतलं तर तारा शिकेल. नाही घेतलं तर त्याच हंगामात लग्न. पाहुणे समंजस होते, थांबले. हे बोलणं मला कुणी सांगितलं नाही. मी ओसरीच्या बाहेर वळचणीला उभी राहून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आत्याच्या दुधाच्या पातेल्यावरून पुस्तक उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि पोथ्यांच्या कोनाड्यात ठेवलं. आत्यानं पातेल्यावर पाटा ठेवला. दिवाळीच्या पाडव्याला, गुरुजींनी अक्षरं पक्की करून घेतल्यावर, मला अंघोळ घालून पाटावर बसवलं आणि माझं पारायण सुरू झालं. मी शब्द वाचायची, मग त्याचा अर्थ वाचायची, दादा समोर मांडी घालून ऐकायचे. वाळवीनं सोडलेला पहिला शब्द होता अ‍ॅबट. अर्थ, 'ख्रिस्ती मठाचा महंत.' दादांनी हात जोडले.

"म्हंताच्या नावानं सुरुवात हाय," ते म्हणाले. "पोथी चांगली दिसतीया."

त्या वर्षाचं आमच्या घरातलं पंचांग म्हणजे तो कोश. कुठलं काम केव्हा झालं हे मला अक्षरांवरून आठवतं. ए चालू होता तेव्हा भाताची कापणी चालली होती. पहाटे गवतावर दव असायचं आणि खळ्यावरून आंबेमोहोराचा वास घरापर्यंत यायचा. बी लागला तेव्हा झोडणी सुरू झाली आणि माझं वाचन भाताच्या पेंढ्या आपटण्याच्या धपधप आवाजात चालायचं. आई कामाच्या घाईत असायची. पोर पाटावर बसून परक्या भाषेतलं काहीबाही म्हणते आहे आणि खळ्यावर माणूस कमी आहे, हे तिला दिसत होतं. पण पोथी चालू असताना मधे उठवायचं नाही ही रीत तिनंही आयुष्यभर पाळली होती. त्यामुळे ती दारात येऊन उभी राहायची, मोरपीस ठेवलं जाईपर्यंत वाट बघायची, आणि ते ठेवलं की म्हणायची, "झालं का देवाचं? आता मानसाचं करा."

शब्द निवडून वाचायची सोय नव्हती, त्यामुळे कोशात जे येईल ते आमच्या घरात येत गेलं. ज्यांचा आमच्या जगण्याशी काही संबंध नाही असे कितीतरी शब्द आले. जहाजाच्या दोरखंडांची नावं, गिरिजाघराच्या भागांची नावं, सरदारांच्या चिलखताच्या एकेका पट्टीचं नाव. दादा सगळ्यांना सारखाच मान देत. अ‍ॅग्लेट म्हणजे नाडीच्या टोकाला बसवलेली धातूची पुंगळी, हे ऐकून त्यांनी बंडीची नाडी हातात घेऊन टोक पाहिलं. "नाडी आपल्यात बी हाय," ते म्हणाले, "पन तिच्या शेंड्याला नाव ठेवावं असं आपल्या कुनाच्या डोस्क्यात आलं न्हाई." अ‍ॅफ्टरमाथ म्हणजे एकदा कापल्यावर पुन्हा फुटलेलं गवत. तो शब्द आला त्या आठवड्यात बांधावर तेच गवत हिरवं झालं होतं आणि मी शेळीला ते कापून घालत होते. हल्ली वर्तमानपत्रात भूकंपाच्या, दंगलीच्या बातमीत हा शब्द येतो. माझ्या डोळ्यांपुढं अजून आधी तो बांध येतो, बातमी मागून.

भात निघालं की बिरूकाका धनगर दरवर्षी आपली मेंढरं आमच्या खाचरात बसवायला यायचा. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंड्यांचं खत मिळतं, त्याबद्दल त्याला भात द्यायची रीत होती. सकाळी तो चहाला ओसरीवर यायचा आणि पोथी चालू असली तर कांबळं अंगाखाली घेऊन ऐकत बसायचा. एकदा शब्द आला बेलवेदर. 'गळ्यांत घंटा बांधिलेला, कळपाच्या पुढें चालणारा एडका.' बिरूकाकानं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं की हे साहेबाच्या मुलखातलं आहे ना? मी हो म्हटलं. तिकडंही मेंढरं एकामागं एक जातात तर, असं म्हणून त्याला फार समाधान वाटलेलं दिसलं. नंतर तो दादांना म्हणाला, "पोथी खरी हाय. लटकी असती तर हे कुटनं आलं असतं?" त्या दिवसापासून तो स्वतःच्या म्होरक्या एडक्याला बेलवेदर म्हणून हाका मारायला लागला आणि एडका ओ देऊ लागला, असं तो सांगायचा. ते खरं की थट्टा, ते मला कधी कळलं नाही.

सी मध्ये कस्टर्ड आलं तेव्हा आत्या चुलीपासून उठून आली. दूध, अंडी व साखर एकत्र शिजवून केलेलं पक्वान्न, एवढाच अर्थ दिला होता. "वेलदोडा न्हाई लिवला," ती म्हणाली, आणि परत चुलीकडं गेली. पण डी मध्ये एक शब्द आला तेव्हा ती तशी परत गेली नाही. डिओडँड. अर्थ मोठा होता. ज्या वस्तूमुळे मनुष्याचा प्राण जातो, मग ती गाडी असो, जनावर असो वा झाड असो, ती वस्तू जुन्या काळी त्या देशात सरकारजमा करीत आणि देवकार्याला लावीत. मी वाचलं आणि पुढच्या शब्दाकडं वळले. आत्या दारात परात घेऊन उभी होती. तिनं मला थांबवलं. पारायणात मधे कुणी बोलत नसे, तरी दादा काही म्हणाले नाहीत.

"व्हय गं तारे, मंग ती होडी कुनी घेतली?"

 ती होडी अजून धरणावर माणसं अलीकडं-पलीकडं नेत होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आत्याही तिच्यातून जाऊन आली होती. शेवटी तिनंच सांगितलं की आपल्यात कुणी घेतली नाही, आपल्यात ती रीत नाही. मग परातीतलं पीठ मळायला ती आत गेली. दादांनी त्या पानावर मोरपीस ठेवलं आणि त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

ई मध्ये ईव्ह्ज्‌ड्रॉपर आला. 'वळचणीखालीं उभा राहून घरांतील भाषण चोरून ऐकणारा.' मी वाचताना अडखळले. आई पाखडत होती. तिनं सूप न थांबवता म्हटलं, "हिला वळखतो आमी." दादा हसले. तोवर मला वाटत होतं की मी ऐकलंय हे कुणाला ठाऊक नाही. एफ आला तेव्हा राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे दिवस होते, सगळ्या खोऱ्यात धूर साचायचा आणि कोशाच्या पानांनाही त्याचा वास लागला होता, तो पुढं कित्येक वर्षं गेला नाही. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका लांब तासाएवढं अंतर, हे वाचलं तेव्हा दादांना खरंच आनंद झाला. रस्त्यावरचे फर्लांगाचे दगड ते जन्मभर बघत आले होते. ते दगड मुळात नांगरामुळे आले आहेत हे त्यांनी पुढचे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगितलं.

वैशाख संपत आला, करवंदं पिकून गळायला लागली, आणि आम्ही जी मध्ये होतो. गुरुजींनी एकदा येऊन पाहिलं, मोरपीस कुठं आहे ते पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला. ते दादांना चाचरत म्हणाले की पुढची थोडी पानं मधून मधून बघितली तर बरं, परीक्षेत काहीही विचारतात. दादांनी त्यांचं ऐकून घेतलं, त्यांना ताक दिलं, आणि रीत होती तीच ठेवली. गुरुजी वयानं लहान होते, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मृग जवळ आला तेव्हा एका सकाळी दादा आणि मी निघालो. त्या सकाळचं वाचन आम्ही निघण्याआधी उरकलं होतं. शेवटचा शब्द होता ग्लीन, सरवा वेचणे, म्हणजे कापणीनंतर शेतात गळून राहिलेल्या लोंब्या गोळा करणे. पौडपर्यंत चालत आणि तिथून एस.टी. दादांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला पटका, काखेत खारव्यात बांधलेला कोश. आत्यानं बाईंसाठी आंबेमोहोराचे तांदूळ फडक्यात बांधून दिले होते. आई निरोपाला बांधापर्यंत आली. मुठ्याच्या पाहुण्यांचा निरोप्या दोन दिवसांत येणार होता, तेवढी तिनं दादांना आठवण करून दिली. मला म्हणाली, नीट बोल, मान खाली घालून बसू नको.

शाळा दगडी होती. मोठ्या बाईंच्या खोलीच्या दाराशी दादांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा वहाणा काढल्या. बाई उंच, पांढऱ्या पातळात, चष्मा लावलेल्या. शेजारच्या टेबलाशी आणखी एक शिक्षिका वह्या तपासत होत्या. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, सातवीचा निकाल पाहिला, तो चांगला होता. मग त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. आता मला माहीत आहे की त्यांनी माझं नाव विचारलं. तेव्हा त्या वाक्यातला एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता.  त्यांनी पुन्हा, सावकाश विचारलं. मग त्यांनी बोटानं वस्तू दाखवायला सुरुवात केली. टेबल दाखवून हे काय, इंग्रजीत सांग. मला येईना. भिंत. येईना. शाई, कागद, खिडकी. नुसत्या वस्तू, रोजच्या. आईनं सांगितलेलं विसरून मी मान खाली घातली. माझ्या पायाला अजून खाचरातली वाळलेली माती होती, ती मला दिसत होती.

बाईंचा स्वर कठोर नव्हता. त्यांनी दादांना सांगितलं की मुलगी हुशार दिसते, पण इंग्रजी अजिबात नाही. यंदा घेतली तर वर्गात मागं पडेल आणि रडत घरी जाईल. पुढच्या वर्षी थोडी तयारी करून आणा.

पुढचं वर्ष नव्हतं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. दादा उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

"बाई, तिला येतंय," दादा म्हणाले. "तुमी इचारलं ते म्होरं हाय. आमी अजून तितवर पोचलो न्हाई."

बाईंना कळेना. तिथवर म्हणजे कुठवर, असं त्यांनी विचारलं. दादांनी काखेतली पोथी टेबलावर ठेवली, फडकं सोडलं आणि मोरपिसाचं पान दाखवलं. बाईंनी ते पान पाहिलं. हळदकुंकवानं पिवळी-लाल झालेली आधीची पानं पाहिली, मोरपिसाच्या पुढची स्वच्छ पानं पाहिली. मग त्यांनी आधीच्या पानांतलं कुठलंतरी एक पान काढून त्यातला एक शब्द विचारला. मी अर्थ सांगितला. आणखी एक विचारला. तोही सांगितला. मग त्यांनी दार दाखवलं. मी डोअर म्हणाले, आणि ओघानं पुढचे शब्दही म्हणत गेले, कारण मला ते सुटे येतच नव्हते, एकाला धरून दुसरा यायचा. माझा आवाज आपोआप दादांसारखा बारीक झाला, अर्थाचं शेवटचं अक्षर लांबायला लागलं, गुडघा हलायला लागला. वह्या तपासणाऱ्या शिक्षिका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, तशा त्या पुन्हा वह्यांकडं वळल्या. बाईंनी मला थांबवून विचारलं की आजचा शब्द कुठला झाला. मी ग्लीन सांगितला, अर्थ सांगितला.

"हे नुसतं पाठ केलंस, की समजलं?"

"सरवा मी वेचते, बाई," मी म्हणाले.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. सगळा कोश क्रमानंच का, असं त्यांनी दादांना विचारलं. पोथी मधनंच कशी उघडायची, दादा म्हणाले, दोष लागतो. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की तुमची रीत मी समजले. पण वर्गात शब्द क्रमानं येत नाहीत. उद्या धड्यात शेवटच्या अक्षराचा शब्द आधी येईल. तेव्हा तो मिळेपर्यंत ही मुलगी वर्षभर थांबणार का? हिला मी घेईन, पण तिनं आत्ता माझ्यासमोर कोश मधूनच उघडला पाहिजे. त्यांनी खिडकीकडं बोट केलं, विंडो हा शब्द स्वच्छ उच्चारला, त्याचं पहिलं अक्षर सांगितलं, आणि कोश माझ्यापुढं सरकवला.

मी हात लावला नाही. हट्ट म्हणून नव्हे. मला ते करता येईल असं वाटतच नव्हतं, जसा देवापुढचा नैवेद्य आधी आपल्याला खाता येत नाही तसं. मी दादांकडं बघितलं. ते कोशाकडं बघत होते. बाहेर मुली खेळत होत्या त्यांचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांत मी दादांना पोथी मधून उघडताना पाहिलं नव्हतं, आणि श्रावणात एकदा ताप असताना ते काठीला धरून पाटावर येऊन बसले होते, पण अध्याय चुकू दिला नव्हता. त्यांनी कोशाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग मोरपीस उचललं आणि खिशात घातलं.

"उघड, तारे," ते म्हणाले. "दोष लागला तर मला लागंल."

मी उघडला. अक्षरांचा क्रम मला पक्का होता, म्हणून शेवटाकडं गेले, चुकले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. पानं कोरी होती, एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यात धुराचा वास शिरलेला नव्हता. बोट खाली नेत नेत शब्द सापडला. मी वाचला, आणि सवयीनं अर्थही मोठ्यानं वाचला. 'वारा व उजेड आंत येण्याकरितां भिंतीस ठेविलेलें द्वार.' दादांनी मान वर करून खिडकीकडं पाहिलं, जणू ती आत्ताच तिथं कुणी केली होती.

बाईंनी मला घेतलं. तांदूळ त्यांनी आधी नको म्हटले, मग दादांचा चेहरा पाहून ठेवून घेतले.

घरी आल्यावर दादांनी कोशापुढं नारळ फोडला, पारायण मोडल्याबद्दल. आईनं तो खवून त्याच्या वड्या केल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या वसतिगृहाच्या डब्यात भरल्या. मुठ्याच्या निरोप्याला तिनंच नकार सांगितला, आणि तो गेल्यावर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत तांदूळ पाखडत बसली. त्या स्थळातल्या मुलाचं पुढं चांगलं झालं, त्याच्या मुलीला मी शिक्षिका झाल्यावर शाळेत शिकवलं.

शाळेत मी कोश हवा तिथं उघडायला शिकले. पण सुट्टीला घरी आले की सकाळी अंघोळ करून पाटावर बसायची आणि दादांसमोर ग्लीनच्या पुढून क्रमानं वाचायची. उन्हाळ्यात, दिवाळीत, नाताळात. तोवर त्यातले कितीतरी शब्द मला येऊन गेलेले असायचे. दादांना ते सांगितलं तर ते म्हणत, मला कुठं आलेत. पारायण संपलं ते मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात. समाप्तीला आत्यानं पुडिंग केलं, वेलदोडा घालून. बिरूकाका म्हातारा झाला होता, तरी आला. दादा हात जोडून शेवटच्या शब्दाची वाट बघत होते. शब्द होता झायथम. मी अर्थ वाचला, 'यवाची दारू.'

बिरूकाका इतका हसला की त्याला ठसका लागला. दादांचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी विचारलं की फलश्रुती कुठं आहे. प्रत्येक पोथीच्या शेवटी ती असते, वाचणाऱ्याला काय मिळेल ते सांगणारी. मी पान उलटून दाखवलं. मागं पुठ्ठ्याला चिकटवलेलं एक कोरं पान होतं, बस. या पोथीला ती नसते, दादा, असं मी म्हणाले.

त्यांनी मोरपीस माझ्या हातात दिलं.

"मंग परत पयल्यापासनं लाव."

"पहिली पानं नाहीत, दादा."

"हायती तितनं लाव," ते म्हणाले, आणि पाटावर नीट सरसावून बसले. मी अ‍ॅबटवर आले.